वैमानिकाची बॅग आणि हेडसेटची मंजुरी: माझा अनुभव

टाइप रेटिंग, म्हणजे एका विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता, पूर्ण करून विमान कंपनीत रुजू होताना नव्या वैमानिकाच्या हाती सामानाची एक यादी पडते. माझ्या यादीत एक छोटीशी ओळ होती: ‘स्वतःचा हेडसेट वापरता येईल, मात्र त्यास कंपनीची लेखी मंजुरी आवश्यक.’ बॅग, बूट, टॉर्च आणि गॉगल यांची निवड मी शांतपणे करू शकले. या एका ओळीने मात्र इतका मनस्ताप दिला की तो अजूनही पूर्ण ओसरलेला नाही, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

बॅगेचे आधी सांगते, कारण तिथे फारसे अडले नाही. ज्येष्ठ सहकारी बहुधा मोठी, कडक कवचाची फ्लाइट केस घ्यायला सांगतात. त्यांचा सल्ला प्रेमाचा असला तरी तो कागदी नकाशांच्या काळातला आहे. अमेरिकी वैमानिक एलरी जेपेसन यांनी मार्ग आणि धावपट्ट्यांची टिपणे असलेल्या आपल्या नोंदवहीच्या प्रती १९३४ साली इतर वैमानिकांना विकायला सुरुवात केली, तेव्हापासून पुढची कित्येक दशके वैमानिक नकाशांचे आणि नियमपुस्तिकांचे ओझे वाहत राहिले. दर २८ दिवसांच्या चक्रानुसार त्यांतली पाने बदलत बसणे हेही त्यांचेच काम असे. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ साली सुमारे १६ किलोंच्या त्या पिशव्या काढून वैमानिकांच्या हाती टॅब्लेट दिले आणि इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. आज फ्लाइट बॅगेत टॅब्लेट, हेडसेट, परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, पासपोर्ट, टॉर्च आणि दुरून ठळक दिसणारे हाय-व्हिज जाकीट एवढेच राहते, त्यामुळे ती लहानच घ्यावी.

चाकांची बॅग घेताना मी तिच्या रंगरूपापेक्षा तिच्या दुरुस्तीचा विचार केला आणि त्या निर्णयाचा मला अभिमान आहे. धातूचा सांगाडा, स्क्रू काढून बदलता येणारी चाके आणि वेगळा मिळणारा दांडा या तीन गोष्टी असतील, तर बॅग वर्षानुवर्षे टिकते. चार चाकांची बॅग गुळगुळीत फरशीवर सुखाची वाटते. परंतु एअरोब्रिजच्या उतारावर आणि वळणे घेणाऱ्या क्रू बसमध्ये ती हात सुटताच आपल्या वाटेने निघते, आणि एप्रनच्या, म्हणजे विमाने उभी राहतात त्या जागेच्या, खडबडीत जमिनीवर तिची छोटी चाके लवकर झिजतात. म्हणून दोन मोठ्या चाकांचीच बॅग घ्यावी. अनेक कंपन्या ५६ × ४५ × २५ सेंटिमीटरपर्यंतची बॅग केबिनमध्ये नेऊ देतात, काही ठिकाणी मर्यादा ५५ × ४० × २० इतकीच असते. वैमानिकाला कधीकधी दुसऱ्या कंपनीच्या विमानातून प्रवासी म्हणूनही ड्युटीच्या ठिकाणी जावे लागते, हे लक्षात ठेवून लहान माप निवडणे शहाणपणाचे.

आता हेडसेट. प्रश्न आवडीचा नसून प्रथम प्लगचा आहे. प्रशिक्षणाच्या लहान विमानांत दोन वेगळे प्लग असतात, एक कानांसाठी आणि दुसरा, किंचित बारीक, माइकसाठी. एअरबसच्या विमानांत सहसा पाच पिनांचा एकच एक्सएलआर प्लग लागतो आणि त्यातूनच आवाज दाबणाऱ्या यंत्रणेला वीज मिळू शकते. हेलिकॉप्टरांचा यू-१७४ प्लग आणखी निराळा. फ्लाइंग स्कूलमध्ये वापरलेला हेडसेट विमान कंपनीतही चालेल असे गृहीत धरून अनेक जण निर्धास्त राहतात आणि मग अडॅप्टर शोधत फिरतात. माझ्या ताफ्यातल्या विमानांत कोणते सॉकेट आहे, हे मी प्रशिक्षकांना विचारून घेतले आणि त्यानुसारच मॉडेल ठरवले. येथपर्यंत सगळे सरळ होते.

त्यानंतर मंजुरीचा अर्ज. त्यात उत्पादक, मॉडेल, प्लगचा प्रकार, वीजपुरवठा आणि टीएसओ क्रमांक विचारला होता. टीएसओ म्हणजे अमेरिकेच्या हवाई प्राधिकरणाने घालून दिलेला किमान तांत्रिक दर्जा. ध्वनी उपकरणांसाठी तो सी-१३९ या क्रमांकाने ओळखला जातो. माझ्या हेडसेटवर तो छापलेला होता. मी अर्ज भरून प्रशिक्षण विभागाकडे दिला. त्यांनी तो अभियांत्रिकी विभागाकडे पाठवला. अभियांत्रिकी विभागाचे म्हणणे असे की हेडसेट हा विमानाच्या सुट्या भागांच्या यादीत नाही, तो वैमानिकाचे वैयक्तिक उपकरण आहे, त्यामुळे मंजुरी उड्डाण विभागाने द्यावी. उड्डाण विभागाचे म्हणणे असे की ज्याचा प्लग विमानात बसतो ते उपकरण केवळ वैयक्तिक राहत नाही, त्यामुळे मंजुरी अभियांत्रिकीनेच द्यावी. दोन्ही म्हणणी ऐकताना पटत होती आणि माझा अर्ज मात्र कोणाच्याही टेबलावर नव्हता.

या काळात मी फोन केले, ईमेल लिहिले, ड्युटी संपल्यावर कार्यालयाच्या दाराशी उभी राहिले. प्रत्येक वेळी उत्तर सौजन्याने मिळाले आणि प्रत्येक वेळी ते दुसऱ्या विभागाकडे बोट दाखवणारे होते. मग एकदा अर्ज परत आला, तो ‘अपूर्ण’ असा शेरा घेऊन. मॉडेलचे नाव पुरेसे नाही, पार्ट नंबर हवा. ही मागणी रास्त होती हे मी आजही मान्य करते, कारण एकाच नावाचा हेडसेट वेगवेगळ्या प्लगसह, ब्लूटूथसह आणि ब्लूटूथशिवाय विकला जातो आणि पार्ट नंबरवरूनच ते वेगळे ओळखता येतात. राग याचा आहे की अर्जाच्या नमुन्यात पार्ट नंबरासाठी रकानाच नव्हता. जो तपशील नसल्यामुळे अर्ज फेटाळला जातो, तो तपशील अर्जात विचारलाच जाऊ नये, हे माझ्या मनाला आजही पटत नाही. नव्याने रुजू झालेला वैमानिक आधीच सिम्युलेटर आणि लाइन ट्रेनिंगच्या, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणांवरच्या प्रशिक्षणाच्या, ताणाखाली असतो; त्याचा वेळ आणि लक्ष अशा ठिकाणी खर्च होणे योग्य नाही.

पार्ट नंबर लिहून दिल्यावर पुन्हा तोच टोलवाटोलवीचा खेळ सुरू झाला. दरम्यान लाइन ट्रेनिंग जवळ आले आणि मला विमानातला सामाईक हेडसेट वापरावा लागला. तो चालतो, सुरक्षितही असतो. परंतु त्याच्या गाद्या अनेकांच्या घामाने कडक झालेल्या असतात आणि माइकवरचा स्पंज किती जणांच्या ओठांजवळून आला आहे याचा विचार न केलेलाच बरा. स्वतःचा स्पंज आणि कानांच्या गाद्यांवरची कापडी आवरणे बॅगेत ठेवावीत, हे मी तेव्हा शिकले. केसांचा अंबाडा घालणाऱ्या स्त्री वैमानिकांनी तो मानेलगत खाली बांधावा; उंच अंबाड्यावर हेडबँड बसत नाही आणि कानांच्या कपांमध्ये फट राहते.

गाठ सुटली ती एका साध्या प्रश्नाने. अभियांत्रिकी विभागातल्या एका वरिष्ठांना मी मंजुरी कोण देणार हे विचारणे सोडून दिले आणि एवढेच विचारले, “सर, याच पार्ट नंबरला आपल्या ताफ्यात पूर्वी कधी मंजुरी दिली गेली आहे का?” त्यांनी नोंदी पाहिल्या. दुसऱ्या एका वैमानिकाला ती दिलेली होती. मग त्या मंजुरीचा संदर्भ क्रमांक माझ्या अर्जावर लिहिला गेला आणि दोन्ही विभागांना नव्याने निर्णय घेण्याची गरजच उरली नाही. एका ओळीचा मंजुरीचा ईमेल आला तेव्हा मला जो सुटकेचा आनंद झाला, तो टाइप रेटिंगच्या परीक्षेनंतरच्या आनंदापेक्षा फार कमी नव्हता. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा: हेडसेट खरेदी करण्यापूर्वीच, ताफ्यात पूर्वी मंजूर झालेल्या पार्ट नंबरांची यादी मागावी आणि त्यातलाच एक निवडावा. यादी नाही असे सांगितले, तर ज्येष्ठ वैमानिकांना त्यांच्या मंजुरीच्या पत्राची प्रत दाखवायला सांगावी.

मॉडेलबद्दलही थोडे. कान पूर्ण झाकणारे हेडसेट, उदाहरणार्थ बोस ए-२०, सुमारे ३४० ग्रॅमचे असतात; कानात बसणारे प्रोफ्लाइटसारखे त्याच्या निम्म्याहूनही हलके. दिवसात चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणे, करणाऱ्याला हा फरक मानेवर जाणवतो. आवाज दाबणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मुख्यतः खोल, घुमणारा आवाज कमी करते. वाऱ्याचा वरचा सूर अडवण्याचे काम कानावरची गादीच करते, म्हणून ती फाटली की लगेच बदलावी.

यावरूनच गॉगल आठवला. त्याच्या दांड्या पातळ हव्यात, नाहीतर गादी आणि कान यांच्यात फट पडते. काचा पोलराइज्ड नकोत, कारण त्यांतून डिस्प्ले काळवंडलेले दिसू शकतात आणि विंडशील्डवर पट्टे उमटतात. उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचाही कॉकपिटमध्ये निरुपयोगी ठरतात; त्या अतिनील किरणांनी गडद होतात आणि ते किरण विंडशील्ड बहुतांशी अडवते. साधा करडा रंग सर्वांत चांगला. वैद्यकीय प्रमाणपत्रावर चष्म्याची अट असेल, तर दुसरा चष्मा जवळ ठेवणे हा सल्ला नसून नियम आहे.

पॉवर बँक हाताच्या बॅगेतच ठेवावी, चेक-इन सामानात कधीही नाही. १०० वॅट-तासांपर्यंत विशेष परवानगी लागत नाही; २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची असते, तेव्हा ती निश्चिंतपणे घ्यावी. बूट घेताना तळव्यात धातूची पट्टी नसलेले घ्यावेत, म्हणजे दर ड्युटीला सुरक्षा तपासणीत ते काढावे लागणार नाहीत. टॉर्च कपाळावर बांधायची नव्हे, हातात धरायची घ्यावी. रात्रीच्या वॉकअराउंडमध्ये, म्हणजे उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून केलेल्या तपासणीत, चाकांच्या खोबणीत आणि इंजिनाच्या पात्यांवर तिरका प्रकाश टाकता यायला हवा.

मंजुरी मिळाल्यावर तिची एक प्रत टॅब्लेटमध्ये आणि एक छापील स्वरूपात फ्लाइट बॅगेत ठेवावी. केबल दुरुस्तीसाठी बदलून घेताना नव्या केबलचा प्लग तोच आहे आणि हेडसेटचा पार्ट नंबर बदललेला नाही, हे लेखी घ्यावे. तो बदलला असेल, तर पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि त्या वेळी जुन्या मंजुरीचा संदर्भ क्रमांक पहिल्याच पानावर, सर्वांत वर लिहावा.