तुम्ही विचारलंत म्हणून : दुसरी गोली

शनिवारी-रविवारी सकाळी साडेसहाला मी आमच्या मैदानावर मुलींना हॉकीचं गोलकीपिंग शिकवते. थंडीत त्या वेळी समोरचा गोलपोस्टसुद्धा धुक्यात पुसट दिसतो. मुलींना सोडायला आलेले आईवडील टपरीवर चहा घेत थांबतात आणि कधी ना कधी प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो. “मॅडम, आपल्याकडे श्रीजेश होऊन गेला, सविता पुनिया आहे. मग पोरींना सारख्या त्या बर्फावरच्या हॉकीतल्या गोलींच्या, म्हणजे गोलकीपरांच्या गोष्टी का सांगता? नाशिकला बर्फ कुठाय?”

बर्फ नाही, हे खरं. एखाद्या डिसेंबरात निफाडकडे पारा इतका उतरतो की द्राक्षाच्या पानांवरचं दव गोठतं आणि बागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात. तेवढंच आपलं बर्फाशी नातं. तरी मी त्या गोष्टी सांगते, आणि त्याचं कारण आजवर नीट कुणाला सांगितलेलं नाही.

कॉलेजात असताना मी विद्यापीठाच्या संघात दुसरी गोली होते. पॅड, किकर, चेस्ट गार्ड असं सगळं अंगावर चढवून बाकावर बसायचं आणि सामना संपला की सगळं उतरवून पिशवीत भरायचं. दोन हंगामांत मिळून अकरा मिनिटं खेळले. तिसऱ्या वर्षी पॅड परत केले. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायचाय, असं सांगितलं. अभ्यास करायचाच होता, पण पॅड परत करण्याचं कारण तो नव्हता. त्याच हिवाळ्यात आमच्या पहिल्या गोलीचा गुडघा गेला आणि उपांत्य सामन्यात एका फुलबॅकला पॅड बांधून उभं करावं लागलं. बिचारीवर सहा गोल झाले. मी तो सामना बघायला गेले होते, गोलच्या जाळीमागे उभी होते.

पुढे 2011 च्या उन्हाळ्यात बहिणीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला गेले. बाळ रात्री झोपायचं नाही, त्यामुळे टीव्ही चालूच असायचा. त्यावर बोस्टन आणि व्हँकुव्हर यांच्यात आइस हॉकीच्या स्टॅनले कपची अंतिम मालिका चालली होती. मला नियम कळत नव्हते, म्हणून मी फक्त गोली बघत बसायचे. बोस्टनचा टिम थॉमस कधी क्रीजच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या जागेच्या पुढे यायचा, कधी आडवा पडून काठीने पक, म्हणजे त्यांची रबराची चकती, झटकायचा. 15 जूनला सातव्या सामन्यात त्याने 37 फटके अडवले, एकही गोल दिला नाही. बोस्टन 4-0 ने जिंकलं आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. मेहुणे सहज म्हणाले, “हा 37 वर्षांचा आहे. 1994 मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, निवड झाली, पण एनएचएल या इथल्या सर्वोच्च लीगमध्ये नियमित खेळायला लागला तेव्हा एकतिशी ओलांडली होती. मधली वर्षं फिनलंड, स्वीडन आणि खालच्या लीगमध्ये गेली.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी एकविसाव्या वर्षी पॅड परत केले होते.

तेव्हापासून मी या लोकांच्या मागे लागले. पहिली गोष्ट कळली ती वजनाची. आपला हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा आणि त्यांचा पक 156 ते 170 ग्रॅमचा. हाताला जवळजवळ सारखंच वजन! फक्त पक म्हणजे एक इंच जाडीची, तीन इंच व्यासाची कडक रबराची चकती, सामन्याआधी गोठवलेली, म्हणजे बर्फावर ती उसळू नये. जोराचा फटका ताशी 160 किलोमीटरच्याही वर जातो. त्यांचा गोल लहान, सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. आपला बारा बाय सात. पण त्या लहान गोलसमोर इतकी गर्दी असते की पुष्कळदा गोलीला पक दिसतच नाही. दोन्ही गुडघे बर्फावर टेकून पाय बाजूला पसरायचे, म्हणजे खालची सगळी जागा बंद होते. याला ते बटरफ्लाय म्हणतात. दिवसातून शेकडो वेळा असं बसून उठून कमरेचे सांधे झिजतात आणि कित्येकांना शस्त्रक्रिया करावी लागते. मुलींना मी हे सांगते ते घाबरवायला नाही. स्ट्रेचिंग कशासाठी, ते त्यांना त्यातून कळतं.

आता मुख्य मुद्दा जागांचा. एनएचएलमध्ये 32 संघ आहेत आणि प्रत्येक सामन्याला संघात दोन गोली. म्हणजे त्या सर्वोच्च स्तरावर जगभरातल्या गोलींसाठी 64 जागा, आणि त्यातल्या निम्म्या थांबणाऱ्यांच्या. हा दुसरा गोली बाकाच्या टोकाला, फळीच्या दाराशी बसतो आणि खेळाडू आतबाहेर करतात तेव्हा त्यांना दार उघडून देतो. सराव संपल्यावर पहिला गोली आत जातो, पण ज्यांना आणखी फटके मारायचे असतात त्यांच्यासमोर हाच उभा राहतो. कित्येक जण या खुर्चीत दहा-दहा वर्षं काढतात. ही खुर्ची म्हणजे वाया गेलेला काळ आहे, असं मला एकविसाव्या वर्षी वाटलं होतं.

जॉनी बोअरचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तो खालच्या लीगमध्ये खेळायला लागला. 1953-54 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला एक पूर्ण हंगाम दिला, मोसमातले सगळे 70 सामने तो खेळला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा खाली पाठवला. माझ्या मते ही सगळ्यात कठीण पायरी, वर जाऊन खाली येण्याची. आणखी चार वर्षांनी, 1958 मध्ये टोरांटोने त्याला घेतलं तेव्हा तो 33 वर्षांचा होता. त्यानंतर टोरांटोने चार वेळा स्टॅनले कप जिंकला. 1967 च्या चौथ्या कपच्या वेळी बोअर 42 वर्षांचा आणि त्याचा जोडीदार टेरी सॉचुक 37 चा. दोघांनी गोल वाटून सांभाळला. टोरांटोने त्यानंतर कप जिंकलेला नाही आणि तिथली म्हातारी माणसं अजून त्या दोघांबद्दल घरच्यांसारखं बोलतात.

त्याच्या आधीचा काळ तर दुसऱ्या गोलीसाठी आणखी कठीण होता, कारण बाकावर दुसरा गोली ठेवायची पद्धतच नव्हती. शिकागोचा ग्लेन हॉल सामन्याआधी ओकायचा आणि तरी उभा राहायचा. 1955 ते 1962 या काळात तो ओळीने 502 सामने पूर्ण खेळला, तेही चेहऱ्यावर मुखवटा नसताना. सगळे त्याचं कौतुक करतात, मीही करते, पण मला दरवेळी प्रश्न पडतो की त्याच्या मागे खालच्या लीगमध्ये थांबलेल्या गोलींनी त्या सात वर्षांत काय केलं असेल. मुखवटासुद्धा याच परिस्थितीतून आला. 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये मॉन्ट्रियलचा गोली जाक प्लांत याच्या तोंडावर पक बसला. टाके घातले. त्याने सांगितलं, सरावात वापरतो तो मुखवटा घालू देणार असाल तरच परत जाईन. प्रशिक्षकांना मुखवटा पसंत नव्हता, पण गोलमध्ये उभं करायला भरवशाचं दुसरं कुणी नव्हतं. प्लांत मुखवटा घालून आला, मॉन्ट्रियल 3-1 ने जिंकलं. आज माझी एकही मुलगी हेल्मेटशिवाय गोलमध्ये पाऊल टाकत नाही.

मुलींची लाडकी गोष्ट मात्र डेव्हिड एअर्सची. तेव्हा तिकडे प्रत्येक सामन्याला, कुठल्याही संघाचे दोन्ही गोली जायबंदी झालेच तर, म्हणून एक स्थानिक गोली हजर ठेवायचे. 22 फेब्रुवारी 2020 ला टोरांटोत कॅरोलिना संघाचे दोन्ही गोली जखमी झाले आणि 42 वर्षांच्या एअर्सला उतरवलं. बर्फ गुळगुळीत करणारी झँबोनी गाडी चालवलेला माणूस, आईने दिलेल्या मूत्रपिंडावर जगणारा. पहिल्या दोन फटक्यांवर दोन गोल झाले. त्यानंतरचे आठही त्याने अडवले आणि कॅरोलिना 6-3 ने जिंकलं. “मॅडम, दोन गोल झाल्यावर त्याला काय वाटलं असेल?” असं मुली विचारतात, आणि मग मी त्यांनाच बोलू देते.

मानों रेओमचंही सांगते. सप्टेंबर 1992 मध्ये टॅम्पा बे या संघाने सराव सामन्यात तिला गोलमध्ये उतरवलं. एनएचएलच्या संघाकडून खेळलेली ती पहिली बाई. सामन्याचा एकच भाग खेळली, नऊ फटके, सात अडवले. आपल्याकडच्याही मुली आहेत, लेह-लडाखच्या. गोठलेल्या तळ्यांवर खेळायला शिकल्या आणि 2025 मध्ये अमिरातीतल्या अल ऐनला आइस हॉकीच्या आशिया कपमध्ये भारताच्या महिला संघाने कांस्यपदक मिळवलं. त्या दिवशी मी मैदानावर पेढे वाटले. मुलींना वाटलं माझा वाढदिवस आहे.

गेल्या महिन्यात सातपूरहून एका मुलीचे वडील आले होते. कंपनीतली रात्रपाळी संपवून थेट मैदानावर. मुलगी दुसरी गोली आहे, दीड वर्षापासून. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, हिला खेळवत नसाल तर तसं सांगा. मी उगाच पहाटे उठवतो तिला.”

मी त्यांना तिची वही दाखवली. माझ्याकडे दुसरी गोली बाकावर वही घेऊन बसते आणि समोरच्या संघाचा प्रत्येक फटका लिहिते: कुणी मारला, कुठून, कुठे गेला. त्यांनी बरीच पानं उलटली. अक्षर सुरेख आहे पोरीचं.

“हे डा. ख. म्हणजे?”

“डावीकडे खाली. ही सात नंबरची मुलगी दमली की दरवेळी तिथेच मारते. तुमच्या मुलीने शोधलंय. आमच्या पहिल्या गोलीला ते माहीत नव्हतं.”

ते काही बोलले नाहीत. वही घेऊन बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसले आणि पुढचा फटका कुठे गेला ते तिला विचारू लागले.