नकाशावर आहे, वाटेवर नाही

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागातल्या ज्या तळ्याविषयी मी लिहिणार आहे, ते कनूंच्या, म्हणजे वल्ह्याने हाकायच्या लांबट, अरुंद होड्यांच्या, रहदारीच्या मार्गापासून सरळ रेषेत जेमतेम किलोमीटरभर अंतरावर आहे. उन्हाळ्यात त्या मार्गावरून कनूंची सतत ये-जा असते आणि मुक्कामाच्या मोक्याच्या जागा दुपारीच भरून जातात. तरीही टेकाडापलीकडच्या त्या तळ्यात वर्षभरात एखादी तरी होडी उतरत असेल का, याची मला शंका आहे. अंतर हे त्याचे कारण नव्हे. मधे वाट नाही, एवढेच कारण आहे. ही वाट नसणे जितके निसर्गाचे काम आहे तितकेच माणसाने विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाचे आहे, आणि या प्रवासात मला सर्वांत जास्त कुतूहल वाटले ते त्याचेच.

बाउंडरी वॉटर्स कनू एरिया वाइल्डरनेस (वाइल्डरनेस म्हणजे राखलेले रान) हा सुपीरियर राष्ट्रीय वनाचा कॅनडाच्या सीमेला लागून असलेला भाग आहे. सुमारे ११ लाख एकरांच्या या प्रदेशात हजाराहून अधिक तळी आहेत. इथला काही खडक २७० कोटी वर्षांइतका जुना आहे, आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मागे हटलेल्या हिमनद्यांनी तो खरवडून जे खोलगट भाग तयार केले, त्यांत आज हे पाणी साठलेले आहे. दोन तळ्यांच्या मधे जिथे पाणी नाही तिथे कनू डोक्यावर घेऊन चालत जायचे, आणि त्या पायवाटेला पोर्टेज म्हणायचे, अशी इथली रीत आहे. यांपैकी कित्येक वाटा इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरून मळवलेल्या आहेत. पुढे जनावरांच्या केसाळ कातड्यांच्या व्यापारात कनू हाकणारे लोक त्याच वाटांनी नव्वद-नव्वद पौंडांची दोन गाठोडी एका वेळी पाठीवर घेऊन जात असत. या वाटांची लांबी आजही ‘रॉड’ या जुन्या मोजणीच्या मापात सांगितली जाते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढी लांबी.

हा प्रदेश शांत राहिला तो आपोआप नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानांतून मासेमारीचे शौकीन थेट आतल्या तळ्यांवर येऊ लागले होते. त्याला आळा घालण्यासाठी १९४९ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी या वनावरून समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांखाली विमान उडवण्यास मनाई करणारा आदेश काढला. मग १९६४ चा वाइल्डरनेस कायदा आला आणि १९७८ साली खास या प्रदेशासाठी दुसरा कायदा झाला. आज बहुतेक तळ्यांवर मोटरबोटीला बंदी आहे, एका गटात नऊपेक्षा जास्त माणसे आणि चारपेक्षा जास्त होड्या चालत नाहीत, आणि पत्र्याचे डबे किंवा काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत. तरीसुद्धा वर्षाला दीड लाखांच्या आसपास लोक येतात. ते ज्या वाटांनी जातात त्या वनखाते साफ ठेवते, आणि मुक्कामाच्या सुमारे दोन हजार जागांवर चुलीची लोखंडी जाळी आणि आडोशाला शौचाची सोय असते.

या सोयींच्या जाळ्यात काही मोकळे तुकडे मुद्दाम सोडलेले आहेत. त्यांना प्रिमिटिव्ह मॅनेजमेंट एरिया म्हणतात. असे बारा तुकडे आहेत, आणि त्यांच्या बाबतीत खात्याचे धोरण म्हणजे काहीही न करणे. तिथे वाट साफ करायची नाही, पडलेले झाड हलवायचे नाही, मुक्कामाची जागा आखायची नाही. मुक्कामाला जायचे तर नेहमीच्या परवान्याखेरीज वनखात्याच्या स्थानिक कार्यालयाची वेगळी संमती घ्यावी लागते. वीस-तीस वर्षे कोणी करवत चालवली नाही की पूर्वीचे पोर्टेजही रानात बुजून जाते, आणि त्याच्या टोकाचे तळे जागचे न हलता दूर जाते. एखादी जागा दुर्गम असणे म्हणजे ती मुळातच तशी असणे, असे मी इतकी वर्षे समजत होतो. इथे मात्र दुर्गमता हे एक सांभाळावे लागणारे काम आहे, आणि ते हात न लावता केले जाते.

अशा तळ्यावर जाण्याची खरी तयारी घरी, टेबलावर होते. मोठ्या प्रमाणावरचा, समोच्च रेषा दाखवणारा नकाशा आणि उपग्रहाने घेतलेले चित्र शेजारी ठेवून बसावे लागते. नवख्या माणसाची नजर आधी निळ्या रेषेवर जाते, कारण दोन तळ्यांना जोडणारा ओढा म्हणजे आयता मार्ग वाटतो. प्रत्यक्षात तो ओढा बहुधा आल्डरच्या झुडपांनी गच्च भरलेला असतो. त्यांच्या फांद्या जमिनीपासून आडव्या पसरत जाऊन पुन्हा वर वळतात, आणि त्यांतून माणूस कसाबसा निघाला तरी सतरा फुटी होडी निघत नाही. त्यामुळे आम्ही ओढा सोडून दिला आणि दोन तळ्यांच्या मधल्या टेकाडाच्या धारेवरचा मार्ग निवडला. उघड्या कातळावर जॅक पाइन विरळ असतात, पायाखाली दगड असतो, आणि थोडी जास्त चढण पत्करावी लागली तरी होडीला जागा मिळते. उपग्रहाच्या चित्रात काळपट आणि एकसारखा दिसणारा पट्टा म्हणजे काळ्या स्प्रूस झाडांची दलदल. तो टाळता आला तर टाळायचा. आमच्या मार्गात तळ्याच्या अगदी अलीकडे असा एक पट्टा होता, आणि त्याला वळसा नव्हता.

सोबती माझा जुना ट्रेकमधला मित्र होता. आम्ही दोघे सह्याद्रीत वाढलो, त्यामुळे वाट चुकण्याचे आम्हाला फारसे भय वाटत नसे. तिथे ढोरवाट धरून खाली उतरत राहिले की कुठेतरी पाड्यातला धूर दिसतो आणि कोणीतरी मामा योग्य वाटेला लावून देतात. इथे मूस या मोठ्या हरणाच्या वाटा असतात, आणि त्या ढोरवाटांसारख्याच रुंद नि मोहात पाडणाऱ्या असतात, पण मूसला घरी परतायचे नसते. ती वाट एखाद्या चिखलाच्या डबक्यात जाऊन संपते. मोबाइलला रेंज नसते. म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र बरोबर ठेवले होते, पण दिशा मात्र होकायंत्रावरच धरली. या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नसतो, ही एक सोय आहे. पूर्वेला गनफ्लिंट ट्रेल या रस्त्याच्या बाजूला मात्र काही ठिकाणी लोहयुक्त खडकांमुळे होकायंत्राची सुई भरकटते, हे तिकडे जाणाऱ्याने लक्षात ठेवावे.

कनूच्या निवडीवरून आमच्यात बराच वाद झाला. नेहमीच्या प्रवासाला सगळे केव्हलारची, म्हणजे हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची, कनू घेतात. ती वीस किलोंच्या आत-बाहेर असते आणि एकटा माणूस ती खांद्यावर सहज तोलतो. पण तिचे अंग पातळ असते, आणि मोडक्या फांदीचे टोक किती जोराने लागेल याचा भरवसा नसतो. शिवाय भाड्याने कनू देणारे अशा रानातून घासत नेण्यासाठी ती देत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. शेवटी मित्राची जुनी रॉयलेक्सची, म्हणजे एका थरदार प्लास्टिकची, कनू नेली. या साहित्याचे उत्पादन २०१४ च्या सुमारास बंद झाले. ते जड असते, पण वाकते, ओरखडे सोसते आणि पुन्हा आकारात येते. तिच्या वजनाला मी चढावर बरीच नावे ठेवली, आणि पडलेल्या झाडांमधे पोहोचल्यावर ती सगळी मागे घेतली.

ही पडलेली झाडे हा या प्रदेशातला मोठाच विषय आहे. ४ जुलै १९९९ रोजी इथून सरळ रेषेत धावणाऱ्या वाऱ्यांचे एक प्रचंड वादळ गेले आणि त्यात कोट्यवधी झाडे काही तासांत आडवी झाली. आता त्या ओंडक्यांच्या मधून बालसम फर झाडांची नवी दाटी उगवलेली आहे. जुना ओंडका शेवाळाखाली झाकलेला असतो. वरून भक्कम दिसतो आणि पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो. जिवंत झाडे तोडण्यास कायद्याने मनाई आहे, त्यामुळे कोयत्याने वाट काढत जाणे हा पर्याय इथे नाही, आणि नसावाच.

अशा जागी कनू डोक्यावर घेता येत नाही. एकाने पुढचे टोक आणि दुसऱ्याने मागचे टोक धरून ती कमरेच्या उंचीवर न्यावी लागते, आणि दोन खोडांमधली फट अरुंद आली की कुशीवर वळवावी लागते. चाळीच्या जिन्यावरून लोखंडी कपाट चढवताना जसे दोन्ही टोकांकडून एकाच वेळी हुकूम सुटतात, तसेच आमचे चालले होते. “आडवी कर, आडवी कर,” असे मागून यायचे, आणि मी म्हणायचो, “अरे, आडवी करू कुठे, तू आधी एक पाऊल मागे तर घे.” मोठा ओंडका आला की होडीचे नाक त्यावर चढवायचे, मागच्याने रेटायचे, मध्य ओलांडला की ती स्वतःच्या भाराने पलीकडे झुकते, आणि तेवढ्यात पुढच्याने बाजूला व्हायचे.

भर द्यावा असा मुद्दा म्हणजे आधी पाहणी. सामान खाली ठेवून, रिकाम्या हाताने, दिसते तिथवर पुढे जाऊन यायचे. होडीला जागा आहे याची खात्री झाली की रंगीत फीत बांधायची. मग पाठपिशव्या त्या टप्प्यापर्यंत न्यायच्या, परत यायचे आणि कनू न्यायची. हिशेब केला तर एका किलोमीटरचे पाच किलोमीटर होतात, आणि एवढ्यात दिवसाचा मोठा भाग जातो. डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा आणि हातांत चामड्याचे मोजे हवेतच. काळ्या स्प्रूसच्या खालच्या फांद्या वाळून काटक्यांसारख्या ताठ राहतात आणि नेमक्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. आम्ही सप्टेंबर निवडला होता, कारण मे-जूनमधल्या काळ्या माशा आणि त्यांच्यानंतरचे डास या गतीने चालणाऱ्या माणसाला सुखाने जगू देत नाहीत.

शेवटचा दलदलीचा पट्टा अपेक्षेपेक्षा सुसह्य निघाला, पण त्याने वेळ सर्वांत जास्त घेतला. तळ्याच्या काठाला जमीन नव्हतीच. स्फॅग्नम शेवाळ आणि झुडपांच्या मुळांची विणलेली जाड गादी पाण्यावर तरंगत होती, आणि पाऊल टाकले की दहा फुटांवरचे टॅमरॅकचे रोपटे हलत होते. अशा ठिकाणी पायांवर उभे राहून होडी पाण्यात ढकलणे धोक्याचे असते. कनूच्या दोन्ही बाजूंना दोघांनी तिच्या कडेवर भार देत चालायचे, म्हणजे पाय खचला तरी होडी धरून ठेवते. मी गुडघे टेकून थांबलो असताना नाकासमोर घटपर्णीचा एक गुच्छ होता. लालसर शिरांच्या त्या कलशांत पावसाचे पाणी साठलेले होते, ओठाच्या आतल्या बाजूला खाली वळलेले बारीक केस होते, आणि एका कलशात अर्धवट विरघळलेला एक भुंगा तरंगत होता. या दलदलीत नत्र फार कमी असल्यामुळे ही वनस्पती आपली गरज किड्यांवर भागवते.

तळ्याविषयी सांगायचे तर ते सुंदर आहे, पण वाटेवरच्या तळ्यांपेक्षा जास्त सुंदर नाही. हे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण एवढे कष्ट घेतल्यावर तिथे काहीतरी अद्‌भुत असणारच अशी आपली समजूत असते. पाणी दलदलीतून झिरपून आल्यामुळे कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. उत्तरेच्या टोकाला बीव्हर या झाडे कुरतडणाऱ्या पाणप्राण्याचे मोठे घर होते आणि त्यावर ताज्या, सालपटे काढलेल्या काठ्या रचलेल्या होत्या. मासे लागतील या आशेने मित्राने गळ टाकला, पण अशी बरीच उथळ तळी हिवाळ्यात बर्फाखाली प्राणवायू संपल्यामुळे माशांना जगू देत नाहीत, आणि हे त्यांपैकीच असावे. लून पक्ष्यांची एक जोडी मात्र होती. ती आम्हाला पाहून दूर गेली नाही, उलट जवळ येऊन बराच वेळ माना वळवून पाहत राहिली. माणसांना सरावलेले लूनही जवळ येतात, त्यामुळे याचा अर्थ मी लावत नाही.

मुक्काम कातळावर केला. चूल पेटवली नाही, लहान स्टोव्हवर खिचडी केली. मुक्कामाच्या ठरलेल्या जागी जमीन तुडवून कडक झालेली असते, त्यामुळे तिथे आणखी एका तंबूने फरक पडत नाही; इथे मात्र कातळावरची दगडफुलाची एक चकती बुटाने निघाली तर ती पुन्हा वाढायला अनेक दशके लागतात. म्हणून तंबूची जागा निवडायला आम्ही स्वयंपाकापेक्षा जास्त वेळ दिला आणि पाण्याकडे जाताना दर वेळी वेगळ्या बाजूने गेलो.

परतताना बांधलेल्या सगळ्या फिती सोडून आणल्या. हे शिष्टाचार म्हणून नव्हे, तर त्या राहिल्या तर पुढचा माणूस त्यांच्यावरून जातो, त्याच्यामागून आणखी दोघे जातात, आणि काही वर्षांत तिथे पायवाट होते. तळ्याचे नाव न लिहिण्याचे कारणही तेच आहे. ज्याला जायचे आहे त्याला ते नाव माझ्याकडून कळण्याची गरज नाही. नकाशावर वाटेची रेषा न लागलेली तळी भरपूर आहेत, आणि परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारले तर कोणत्या तुकड्यात मुक्कामाची संमती मिळेल ते तिथे सांगतात. नकाशा मात्र कागदावरचा घ्यावा, आणि कनू स्वतःची, जुनी असावी.