ब्लू पिलवर फ्रीआरटीओएस: शेड्युलरपाशी अडलेलं घोडं

ब्लू पिल या एसटीएम३२एफ१०३ चिपच्या छोट्या बोर्डवर फ्रीआरटीओएस, म्हणजे एकाच चिपवर अनेक कामं (टास्क) चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, चढवायचं काम मार्गी लागलंय. दोन टास्क आलटून पालटून चालतात, आणि तेही यूएसबी बूटलोडर (यूएसबीवरून प्रोग्रॅम घेणारा छोटा कोड) जागेवर ठेवून. तो पुसून टाकला असता तर निम्मा त्रास वाचला असता, पण बोर्ड एकदा डबीत बंद केला की दर वेळी प्रोग्रामर जोडायला कोण बसणार?

आधी डीबगर. ओपनओसीडी या डीबगिंगच्या सॉफ्टवेअरने आयडीकोड (चिपच्या डीबग भागाचा ओळखक्रमांक) अनपेक्षित असल्याचं सांगून हात वर केले. एसटीएम३२एफ१०३ कडून १बीए०१४७७ यायला हवा, इथे आला २बीए०१४७७. वर छापलंय काहीही, आतला माल वेगळा. कमांडमध्ये टार्गेटची कॉन्फिग फाइल येण्याआधी सीपीयूटीएपीआयडी या अपेक्षित आयडीकोडच्या सेटिंगला हाच आकडा दिला की काम होतं. शून्य देऊनही भागतं, पण मग तपासणीच बंद होते. मला ते पटत नाही.

खरी गंमत पुढे. फ्लॅश (प्रोग्रॅमची मेमरी) सुरू होते हेक्स ०८०००००० ला आणि पहिले ८ केबी बूटलोडरचे. म्हणून लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोड मेमरीत कुठे बसवायचा ते सांगणारी फाइल) ओरिजिन ०८००२०००, लांबी ६४ ऐवजी ५६ केबी. फाइल यूएसबीवरून गेली, मेन सुरू झालं, दिवा लुकलुकला. शेड्युलर (कोणतं टास्क कधी चालवायचं ते ठरवणारा भाग) सुरू करणाऱ्या ओळीवर मात्र सगळं ठप्प.

रॅम २० केबीच, त्यामुळे पहिला संशय हीपवर (टास्कना जागा देणारी मेमरी) जातो. पण आयडल टास्कपुरता (बाकी काही नसताना चालणारं टास्क) हीप नसता तर शेड्युलर तसाच परत फिरला असता आणि त्याखालची ओळ चालली असती. तिथला ब्रेकपॉइंट लागलाच नाही. मग जीडीबी या डीबगरमध्ये प्रोसेसर थांबवून पीसी (चालू सूचनेचा पत्ता) पाहिला, तर तो ०८००२००० च्या अलीकडे! म्हणजे स्वारी बूटलोडरच्या हद्दीत. व्हीटीओआर, म्हणजे इंटरप्टच्या हँडलरांचं टेबल कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर, वाचलं: ०८००००००.

इथे उलगडा झाला. कॉर्टेक्स-एम३ (या चिपमधला प्रोसेसर) साठीच्या फ्रीआरटीओएसमध्ये पहिलं टास्क एसव्हीसी सूचनेने, म्हणजे मुद्दाम इंटरप्टसारखा हँडलर बोलावून, सुरू होतं. त्याआधी मुख्य स्टॅकचा माथाही व्हीटीओआर दाखवेल त्या टेबलातूनच उचलला जातो. टेबल बूटलोडरचं, म्हणजे हँडलरही त्याचाच, आणि तिथे बसलाय रिकामा अनंत लूप. माझा दिवा नुसत्या मोजणीच्या लूपवर चालत होता, त्याला इंटरप्ट लागतच नव्हता. म्हणून तोवर सगळं आलबेल.

पण बूटलोडरला दोष देऊ नका. रीसेट हँडलरच्या पहिल्याच सूचनेवर थांबून पाहिलं तेव्हा व्हीटीओआर बरोबर ०८००२००० होतं. उडी मारण्याआधी त्याने ते चोख लावलं होतं. ते पुसलं सिस्टिमइनिट या मेनआधी चालणाऱ्या फंक्शनने. जुन्या सीएमएसआयएस (चिपसाठी मिळणारा तयार कोड) फाइलमध्ये हे फंक्शन व्हीटीओआरमध्ये फ्लॅशचा पाया अधिक ऑफसेट लिहितं, आणि ऑफसेट मुळात शून्य. तो हेक्स २००० केला, संपलं. नव्या फाइलमध्ये मॅक्रो उघडल्याशिवाय व्हीटीओआरला हातच लावत नाहीत. तिथे बूटलोडरने लावलेलं टिकतं, पण थेट ०८०००००० वरून बूट न होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मी ते स्वतःच लिहीन.

अजून एक. कोड जनरेटरमध्ये डीबगचा पर्याय 'नाही' वर राहिला, तर सुरुवातीलाच एसडब्ल्यूडी (डीबगर जोडायची वाट) बंद करणारी ओळ येते. पहिल्यांदा फ्लॅश होतं, नंतर डीबगरला चिप दिसतच नाही, आणि लोक चिप मेली म्हणून बोर्ड फेकतात. बूट० चा जंपर १ वर, रीसेट, की आतला रॉम बूटलोडर चालतो, आपला कोड नाही. पीए१३ आणि पीए१४ या एसडब्ल्यूडीच्या पिना मोकळ्या. तेवढ्यात फ्लॅश पुसून घ्या.

आता टिकलेस आयडल, म्हणजे काम नसताना टिक थांबवून झोपणं. डब्ल्यूएफआय या झोपेच्या सूचनेने प्रोसेसर झोपला की डीबगरचा धागा सुटू शकतो, म्हणून डीबीजीएमसीयू या चिपमधल्या डीबग भागाच्या कंट्रोल रजिस्टरचे खालचे ३ बिट (झोपेतही डीबग चालू ठेवणारे) आधीच १ करून ठेवलेत. मोजमाप घ्यायच्या वेळी मात्र ते काढावे लागतील, नाहीतर झोपेतला करंट खोटा दिसेल.