माझा अनुभव: हृदय सुरू झालं, आता शुद्ध येण्याची वाट

बाबांचं हृदय अचानक थांबलं होतं. छातीवर दाब आणि शॉक दिल्यावर ते पुन्हा सुरू झालं, आणि मग आम्ही आयसीयूच्या दाराबाहेर बसलो. आज त्याच जागी जे बसले आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमची हकिगत बाजूला ठेवून, तिथे बसल्यावर जे कळायलाच हवं तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे हार्ट अटॅक आणि कार्डिॲक अरेस्ट एक नव्हेत. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी बंद होते, पण माणूस बहुधा बोलत असतो. अरेस्टमध्ये हृदय रक्त पुढे ढकलायचंच थांबतं आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. अटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, म्हणून अनेकांची लगेच अँजिओग्राफी होते. स्टेंट पडला की नातेवाइकांना वाटतं, संकट टळलं. पण खरी वाट मेंदूची असते. काही मिनिटं रक्त न मिळाल्यानं मेंदूच्या पेशींना इजा होते, आणि ती किती झाली हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून सगळ्यात आधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा: माणूस कोसळला ती वेळ, छातीवर दाब द्यायला सुरुवात झाली ती वेळ, पहिल्या ईसीजीत हृदयाची लय शॉक देण्याजोगी होती की नव्हती, आणि नाडी परत लागली ती वेळ. कोसळताना पाहिलेल्या माणसालाच विचारा. अँब्युलन्सच्या कागदांचे फोटो काढून ठेवा. प्रत्येक नवा डॉक्टर हेच विचारतो, आणि घाबरलेल्या घरात दर वेळी वेगळं उत्तर जातं. दाब लगेच मिळाला असेल आणि लय शॉकची असेल तर आशेला जास्त जागा असते. सोबत नेहमीच्या औषधांची यादी द्या. फिट्सचा आजार, लकवा, किडनीचा त्रास आधीपासून असेल तर तोही सांगा.

आत गेल्यावर हात गार लागला तर हबकू नका. २००२ पासून अशा रुग्णांना मुद्दाम थंड करत, ३२ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत. पुढे २०१३ आणि २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांत ३३ अंशांचा जास्त फायदा दिसला नाही. त्यामुळे आता अनेक ठिकाणी भर ताप येऊ न देण्यावर असतो: तापमान ३७.५ च्या आत, पहिले दीड ते तीन दिवस. ताप मेंदूची इजा वाढवतो. अंगाभोवती थंड पाण्याचे पॅड असतील तर ‘पांघरूण घाला’ म्हणून सिस्टरांच्या मागे लागू नका. कुडकुडण्यानं तापमान वर जातं, म्हणून त्यासाठीही औषध चालू असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला झोपेचं औषध दिलेलं असतं. ‘काही रिस्पॉन्स नाही’ असं ऐकलं की पहिला प्रश्न हा विचारा: कोणतं औषध चालू आहे, आणि बंद केलं असेल तर कधी? प्रोपोफॉल तुलनेनं लवकर उतरतं. मिडाझोलम वयस्कर माणसात, किंवा किडनी-लिव्हर दमलेली असताना, बंद केल्यावरही कित्येक तास, कधी काही दिवस अंगात राहतं. अरेस्टनंतर किडनी दमलेली असणं तर नेहमीचंच. म्हणजे माणूस मेंदूच्या इजेमुळे निपचित आहे की औषधामुळे, हे पहिल्या दिवसांत वेगळं काढता येत नाही.

याच कारणानं पुढचं भाकीत हृदय सुरू झाल्यापासून किमान ७२ तास करायचं नाही असा नियम आहे. शरीर थंड केलं असेल तर तापमान पूर्ववत झाल्यापासून ७२ तास मोजणारे डॉक्टरही आहेत. औषधाचा अंमल उरला असेल तर आणखी थांबायचं. आणि एका तपासणीवर निकाल लावायचा नाही. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला आणि बुबुळं स्पर्शाला प्रतिसाद देतात का, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, मेंदूचा सीटी किंवा एमआरआय, मनगटाच्या नसेला करंट देऊन मेंदूपर्यंत संदेश पोचतो का याची चाचणी, आणि रक्तातलं एनएसई (मेंदूच्या पेशींना इजा झाली की वाढणारं द्रव्य) हे सगळं एकत्र पाहायचं असतं. एनएसई ४८ आणि ७२ तासांनी बघतात. ६० च्या वर असेल तर काळजी. मात्र तेच द्रव्य लाल पेशींतही असतं. नमुन्यात पेशी फुटल्या तर आकडा खोटा वाढतो, म्हणून एकाच रिपोर्टवर धीर सोडू नका.

‘ब्रेन डेड’ हा शब्द कॉरिडॉरमध्ये फार सहज वापरला जातो, आणि त्यावरून घरचे दुसऱ्याच दिवशी सही करून पेशंट घरी नेतात. मला याची फार कळकळ वाटते. कोमा म्हणजे ब्रेन डेथ नव्हे. ब्रेन डेथ ठरवण्याची पद्धत १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात आहे: चार डॉक्टरांचं मंडळ, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी, औषधांचा अंमल नाही याची खात्री. असं काही झालेलं नसेल तर तो शब्द स्वीकारू नका. शांतपणे विचारा, ‘डॉक्टर, ही तपासणी झाली आहे का?’

काहींचं अंग पहिल्या दिवसांत झटके खातं. सतत, सगळ्या अंगाला आणि बेशुद्धीत असतील तर ते चांगलं लक्षण नसतं, पण ईईजी झाल्याशिवाय तेही नक्की समजू नये. १९६३ मध्ये लान्स आणि ॲडम्स या डॉक्टरांनी नोंदवलेला एक प्रकार आहे: माणूस शुद्धीवर येतो, पण हात उचलायला जाताच झटके येतात. त्यावर औषधं आहेत आणि अशी माणसं घरी जाऊन जगतात.

शुद्ध एकदम येत नाही. आधी डोळे उघडतात, पण नजर कुठेच ठरत नाही. मग आवाजाकडे वळते. मग सांगितलेलं ऐकतात, आणि खरी खूण हीच. इथे नातेवाइकांचा एक घोटाळा हमखास होतो: हातात बोट दिलं की पेशंट घट्ट धरतो आणि सगळे आनंदतात. ती नुसती प्रतिक्षिप्त पकडही असू शकते. म्हणून ‘सोडा’ सांगून बघा. ‘दोन बोटं दाखवा’, ‘जीभ बाहेर काढा’, ‘डोळे मिटा’ असं सांगा, आणि प्रत्येक वेळी पुरेसं थांबा. हे मराठीतच सांगा. सिस्टर परप्रांतीय असतील आणि पेशंटला मराठीच कळत असेल तर शुद्ध मोजण्याच्या तपासणीत आज्ञा पाळण्याचे गुण उगाच कमी पडतात. आम्ही तीन-चार वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून सिस्टरांकडे दिली होती. ऐकू येण्याचं मशीन आणि चष्मा आत द्या. कवळी मात्र घरीच.

जागं होताना खूप जण चवताळतात, श्वासाची नळी ओढतात, घरच्यांना ओळखत नाहीत. मनगटं सैल बांधलेली दिसली तर दुखावू नका. नळी निघाली तर जिवावर बेततं. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, काय झालं, हे दर भेटीत थोडक्यात सांगत राहा.

साधारण सात ते दहा दिवसांत नळी निघाली नाही तर ट्रॅकिऑस्टॉमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी घालणं, सुचवतात. तिचा अर्थ आशा संपली असा नाही. तोंडातल्या नळीपेक्षा गळ्यातली नळी सोसायला सोपी, झोपेचं औषध कमी लागतं आणि कफ काढता येतो. दर दोन तासांनी कूस बदलली जाते का आणि टाचा-माकडहाडाची जागा लाल आहे का, हे विचारत राहा. छातीवर दाब देताना बरगड्या बऱ्याचदा मोडलेल्या असतात, त्यामुळे शुद्ध आल्यावरच्या कण्हण्याला बहुधा तेही कारण असतं.

बाहेरची व्यवस्थाही लावावी लागते. डॉक्टरांशी घरातल्या एकानंच बोलावं, बाकीच्यांनी त्याच्याकडून ऐकावं. एका वहीत रोजचं तापमान, झोपेचं औषध, बीपी टिकवायचं औषध वाढलं की कमी झालं, लघवी किती झाली, एवढं लिहा. बिल रोजच्या रोज मागा आणि न वापरलेली औषधं परत करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय असेल तर पहिल्याच दिवशी रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, गाठा. धर्मादाय रुग्णालयात गरीब रुग्णांसाठी राखीव खाटा असतात, त्यासाठी सोशल वर्करना भेटा. विमा असेल तर कॅशलेसची मंजुरी एका तासात द्यावी असा २०२४ पासून नियम आहे. उशीर झाला तर रुग्णालयातल्या टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी संस्था) डेस्कला त्याची आठवण करून द्या.

सगळ्या तपासण्या एकाच दिशेला बोट दाखवतात अशीही वेळ येते. तेव्हा उपचार थांबवण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये घालून दिला आणि २०२३ मध्ये सोपा केला. त्यात रुग्णालयातली डॉक्टरांची दोन मंडळं आणि घरच्यांची संमती लागते. घाईत ‘घरी नेतो’ अशी सही करण्यापेक्षा हा मार्ग पेशंटच्या आणि घरच्यांच्याही हिताचा आहे. त्यात वेदनाशामक औषधं चालू राहतात.

घरी आल्यावर स्मरणशक्तीचा त्रास सर्वाधिक दिसतो. अरेस्टचा आणि आसपासचा काळ बहुधा कधीच आठवत नाही. तोच प्रश्न परत परत येतो, लवकर थकवा येतो, चिडचिड होते. सुधारणा बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत होते, थोडी नंतरही. औषधं डब्यात वारानुसार भरून ठेवा, पैशाचे व्यवहार काही काळ दुसऱ्यानं बघावेत, गाडी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय चालवू देऊ नका.

अरेस्टचं तात्पुरतं, दूर होण्याजोगं कारण सापडलं नसेल तर छातीत आयसीडी (धोक्याची लय आली की आपोआप शॉक देणारं छोटं यंत्र) बसवायचं का, हे डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या. बसवलं असेल तर त्याचं कार्ड खिशात हवं, मोबाइल त्या बाजूच्या वरच्या खिशात नको, आणि एक शॉक बसून माणूस बरा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, लागोपाठ शॉक बसले किंवा चक्कर आली तर थेट १०८. कारण आनुवंशिक असण्याची शंका असेल तर भावंडं आणि मुलं, सगळ्यांचा ईसीजी आणि इको करून घ्या.