सोलापूरचा मे आणि ३६००ची रॅम

चादरी-टॉवेलची जॅकार्ड डिझाइन्स करतो, त्यामुळे पीसी दिवसभर चालू. प्रोसेसर रायझन ५ ५६००, रॅम डीडीआर४, ८-८ जीबीच्या दोन स्टिक. खोक्यावर वेग ३२०० छापलेला, टास्क मॅनेजरमध्ये मात्र २४००. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनं वर चॅनेलही (रॅम ते प्रोसेसरची वाट) सिंगलच दाखवलं. केस उघडली तर जोडून देणाऱ्यानं दोन्ही स्टिक शेजारी-शेजारी खोचलेल्या! दोन्ही चॅनेल चालायला चार स्लॉटच्या बोर्डावर त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात.

स्टिक हलवल्या, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला छापील वेग देणारं तयार प्रोफाइल) चालू केलं. व्होल्टेज १.२ वरून १.३५ झालं आणि ३२०० दिसू लागले. एका चॅनेलवर २४०० म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी, दोन चॅनेलवर ३२०० म्हणजे ५१.२. कागदावरचा एवढा आकडा प्रत्यक्षात कधीच मिळत नाही, पण एडा६४ या बेंचमार्कमध्ये रीड त्याच्या बरंच जवळ गेलं. राइट निम्मंच आलं तर घाबरू नका. या प्रोसेसरमध्ये लिहिण्याची वाट वाचण्याच्या निम्म्या रुंदीची असते. मोठी डिझाइन उघडताना फरक लगेच कळला. खरं तर इथंच थांबलं तरी चालतं.

पण हात शिवशिवत होते. ३६०० लावलं, प्रोसेसरमधली जोडवाट, म्हणजे इन्फिनिटी फॅब्रिक, १८०० वर, सीएल (मागितल्यावर डेटा यायला लागणारी क्लॉकची संख्या) १६ चं १८. गणित करा: १६ × २००० ÷ ३२०० म्हणजे १० नॅनोसेकंद, १८ × २००० ÷ ३६०० म्हणजेही १०च. बँडविड्थ वाढते, सीएलची वेळ तीच. मग टीआरएफसी नावाचं रॅमचं एक टायमिंग हळूहळू कमी करत गेलो. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. रात्री रॅम तपासणारी मेमटेस्ट८६ एकही एरर न देता पूर्ण झाली. मित्र म्हणाला, "पास झाली की बे, अजून काय पाहिजे?"

दुपारी पत्र्याखालच्या खोलीत टेस्टमेम५ हे दुसरं तपासणीचं प्रोग्रॅम लावलं आणि एरर यायला लागल्या. बाहेर चाळीसच्या वर. डीरॅममधला एकेक बिट म्हणजे इवलासा कपॅसिटर. तापला की चार्ज लवकर गळतो, म्हणून रिफ्रेश (चार्ज पुन्हा भरणं) जास्त लागतो. डीडीआर४ च्या मानकात सरासरी ७.८ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश आहे, ८५ अंशांच्या वर तोच ३.९ ला. टीआरएफसी म्हणजे त्या रिफ्रेशला दिलेला वेळ, आणि तोच मी छाटत होतो. असा एखादा बिट फिरला तर डिझाइनची फाइल सेव्ह होतानाच बिघडते, आणि ते कळतं थेट मागावर. त्यामुळे ओव्हरक्लॉक करताना चालू ऑर्डरच्या फाइली पेनड्राइव्हवर.

टीआरएफसी सैल केल्यावर ३६०० दुपारीही टिकलं. पण रोजच्या कामात ३२०० आणि ३६०० मधला फरक मला तरी जाणवत नाही, सेव्हन-झिपच्या बेंचमार्कमध्ये तेवढा दिसतो. बायोसमध्ये दोन्ही प्रोफाइल सेव्ह करून ठेवलीत. सध्या ३२०० चालू आहे. ३६०० चं दिवाळीनंतर बघू.