किचन रिमॉडेल अपडेट: सिंक जागेवर, ओटा जागेवर, बजेटही (अजून तरी) जागेवर

तर मंडळी, सध्याची अवस्था अशी आहे की कॅबिनेटना दारं नाहीत, भिंतीवर अर्ध्या टाइल्स लागल्यात आणि भांडी हॉलमध्ये खोक्यात भरून पडलीयेत. पण काम पुढे सरकतंय आणि मुख्य म्हणजे पैसे शिल्लक आहेत, म्हणून यावेळी कुठे कुठे वाचले ते जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी बचत काहीही न करण्यातून झाली, खरंच. सिंक खिडकीखाली न्यायचा मोह खूप होता, दिसलं असतं पण भारी. पण सिंक हलवला की नुसता सिंक हलत नाही, पाण्याच्या लाइनी हलतात, ड्रेन हलतो, आणि ड्रेनला दर मीटरला साधारण २ सेंटीमीटर उतार द्यावाच लागतो, म्हणजे जितकं लांब न्याल तितकी जमीन फोडायची, मग परत वॉटरप्रूफिंग, परत लादी, आणि हे सगळं झाकलं गेल्यावर कुणाला दिसणारही नाही. म्हणून सिंक, गॅस आणि चिमणीचा डक्ट तिन्ही आहेत तिथेच ठेवले, बाकी काय ते बदललं. स्वस्त माल शोधत फिरण्यापेक्षा हा एक निर्णय मला जास्त फायद्याचा वाटला.

दुसरं म्हणजे कारकस, म्हणजे कॅबिनेटचा आतला डबा. नवं किचन म्हटलं की लोक आख्खी कॅबिनेट उचकटून फेकतात, पण बाहेरून दिसतं काय, तर शटर (म्हणजे कॅबिनेटची दारं), हँडल आणि ओट्याचा टॉप. आतला डबा धड असेल तर तो कशाला टाकायचा? धड आहे की नाही ते बघायला मी दोनच गोष्टी केल्या. सिंकखालच्या कॅबिनेटच्या तळाला आणि मागच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघितलं, लाकूड मऊ लागलं किंवा पार्टिकल बोर्ड फुगलेला दिसला तर तो डबा गेला समजायचं. आणि प्रत्येक डब्याचे दोन्ही कर्ण मापले, सारखे आले म्हणजे काटकोनात आहे, वेगळे आले तर त्यावर नवीन शटर कधीच सरळ बसणार नाही, कितीही अ‍ॅडजस्ट करा. माझा फक्त सिंकखालचाच बाद निघाला, तेवढा पाणी सोसणाऱ्या प्लायमध्ये नवीन केला.

आता शटर, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडला. शीट येते २४४० बाय १२२० मिलिमीटरची. माझी बहुतेक शटर ७२० बाय ४५० ची आहेत. लाकडी रेषांचं लॅमिनेट घेतलं तर सगळ्या रेषा उभ्याच यायला हव्यात, म्हणजे सगळी शटर एकाच दिशेने कापायची, मग एका शीटमधून ६ निघतात आणि कडेला एक लांब पट्टी उरते, तिच्यात ड्रॉवरचे फ्रंट निघाले तर ठीक, नाहीतर भंगार. पण प्लेन रंगाचा एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) घेतला तर दिशेचा प्रश्नच उरत नाही, एका पट्ट्यात ५ आडवी आणि उरलेल्या पट्ट्यात ३ उभी, म्हणजे त्याच शीटमधून ८! करवतीचा काप ३ मिलिमीटर धरूनसुद्धा बसतात, कागदावर स्केलने आखून बघा. डिझाइन ठरवायच्या आधी कटिंग लिस्ट करायची, नंतर नाही, कारण शटरची रुंदी थोडी कमी केली की कधी कधी आख्खी शीट वाचते आणि डोळ्याला फरक कळतसुद्धा नाही.

एमडीएफची एक कटकट आहे, कापलेल्या कडा स्पंजासारखा रंग पितात. कडांना आधी प्रायमरचा हात, वाळला की २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, परत हात, मग रंग. हा टप्पा गाळला तर शटरचा मधला भाग गुळगुळीत आणि कडा खरखरीत दिसणार, आणि मग वरून कितीही रंग मारला तरी तो वायाच. सिंकजवळची शटर मात्र एमडीएफची नाही केली, तिथे पाणी लागतंच.

बिजागऱ्या जुन्याच वापरतोय, सॉफ्ट क्लोज अजून छान चालतात. कारकसमधल्या त्यांच्या प्लेटा जागेवर आहेत त्यामुळे फक्त नवीन शटरला ३५ मिलिमीटरची वाटी, म्हणजे बिजागरी बसायचा गोल खड्डा, कोरायची. फॉर्स्टनर बिट (सपाट तळाचं रुंद भोक पाडणारं ड्रिलचं पातं), खोली साधारण १२ मिलिमीटर, आणि शटर १८ चं, म्हणजे खाली जेमतेम ६ उरतात. त्यात त्या बिटचं मधलं टोक वाटीच्याही खाली जातं, त्यामुळे दाबून ड्रिल केलं तर ते समोरच्या बाजूने बाहेर डोकावतं आणि शटर कामातून गेलं. आधी त्याच जाडीच्या तुकड्यावर कोरून खोली मापायची, मग स्टॉपर लावायचा, मगच खऱ्या शटरला हात. कारकसमधले जे स्क्रू सैल झाले होते त्या भोकात लाकडी काडी गोंदात बुडवून ठोकली, वाळल्यावर कापून परत स्क्रू पिळला, मस्त पकडतो.

टाइल्स जुन्या न फोडता त्यावरच लावतोय. नाण्याने एकेक टाइल वाजवून बघितली, पोकळ आवाज आला ती काढली आणि खड्डा भरून घेतला. चकचकीत पृष्ठभाग खरवडला, पॉलिमरवाला टाइल अ‍ॅडेसिव्ह घेतला, साधं सिमेंट तिथे धरत नाही. फोडणं वाचलं, मलबा उचलणं वाचलं, प्लॅस्टर वाचलं. पण भिंत टाइल आणि अ‍ॅडेसिव्ह मिळून सेंटीमीटरभर पुढे येते हे विसरू नका, स्विचबोर्डला लांब स्क्रू लागतात आणि नळाच्या कनेक्शनला एक्स्टेन्शन. माल घेताना सरळ लावायच्या असतील तर १० टक्के जास्त, तिरप्या असतील तर १५, आणि सगळे बॉक्स एकाच बॅचचे, कारण नंतर मागवलेल्याचा शेड हमखास वेगळा येतो. टाइल कटर विकत नाही घेतला, भाड्याने आणला, आणि सगळे काप आधी आखून ठेवले म्हणजे तो घरात बसून भाडं खात नाही.

जिथे माणूस लावला तिथे मजुरी वेगळी आणि माल वेगळा असंच कोटेशन मागितलं. एकरकमी आकडा दिला की दोन कोटेशनची तुलनाच होत नाही राव, एक जण प्रायमर धरतो, दुसरा धरत नाही, आणि स्वस्त वाटतो तो दुसराच.

वायरिंग आणि गॅस मात्र लायसन्सवाल्याकडेच, तिथे हौस नको. आणि जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, आधी टेस्ट किटने तपासा.

पुढे काय, तर उरलेल्या टाइल्स, मग ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या फटीत भरायचा मसाला. ओटा आणि भिंत भेटतात त्या सांध्यात ग्राउट नाही, सिलिकॉन भरणार, कारण दोन्ही वेगवेगळे हलतात आणि ग्राउटला तडा जातो. शटर रंगवून झालीत, पण हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नसतं, काही दिवस तरी उभी करून ठेवणार आणि पहिले काही आठवडे ओल्या फडक्याने जोरात पुसणार नाही. हँडल अजून ठरत नाहीयेत, घरात दोन तट पडलेत, काळी की ब्रासची. मी काळ्यांच्या बाजूने आहे, भोकांचं अंतर जुन्या ड्रॉवरना जुळतं म्हणून.