झाडं तोडायला जाते, आबा

"शनिवारी सकाळी सकाळी कुठं निघालीस गं एवढ्या थंडीत?"
"जंगलात, आबा. झाडं तोडायला."

फोनवर एकदम शांतता. आबांचंही बरोबर आहे. सातारकडच्या आमच्या शाळेतून दर पावसाळ्यात प्रभातफेरी निघायची, 'झाडे लावा, झाडे जगवा' म्हणत आम्ही घसा बसवायचो. तीच पोरगी अमेरिकेत जाऊन करवत घेऊन फिरते, हे घरी कुणाला सांगायचं कसं?

त्यात गंमत अशी की मी जिथं जाते, त्या जागेच्या मूळ मालकांच्या घराण्याचं ब्रीदच 'झाडं लावा' असं होतं. शिकागोच्या पश्चिमेला लाईल नावाचं गाव आहे, तिथलं हे मॉर्टन आर्बोरेटम, म्हणजे झाडांचं संग्रहालयच. मिठाचे मोठे व्यापारी जॉय मॉर्टन यांनी १९२२ साली आपल्या जमिनीवर ते सुरू केलं. त्यांच्या वडिलांनी १८७२ मध्ये नेब्रास्कात 'आर्बर डे' सुरू केला होता, म्हणजे आपल्या वनमहोत्सवाचा थोरला भाऊच. आज इथं सुमारे १७०० एकरांवर जगभरची झाडं आहेत, आणि पूर्वेच्या बाजूला ओकचं जुनं जंगल आहे. आमची स्वयंसेवकांची टोळी जाते ती या जंगलात.

तोडायचं असतं ते बकथॉर्न. युरोपातून कुंपणासाठी आणलेलं हे झुडूप कुंपण सोडून कधीच बाहेर पडलं. काळी फळं पक्षी खातात, बिया रानभर टाकतात. २०२० च्या वृक्षगणनेत शिकागो परिसरातलं सगळ्यांत जास्त संख्येचं झाड हेच निघालं. ओळखायला फार सोपं. नोव्हेंबरात ओक-मेपल उघडे पडतात, तेव्हाही हा गडी हिरवागार उभा असतो. वसंतातही सगळ्यांच्या आधी पालवतो. म्हणून तर खालच्या रोपांना ऊन मिळत नाही. कापलं की आतली साल नारिंगी दिसते. नुसतं कापून भागत नाही, कारण बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. त्यामुळे मागोमाग एक जण निळा रंग घातलेलं तणनाशक ब्रशानं बुंध्यावर लावत येतो. ते काम परवाना असलेल्या माणसाचंच. आम्ही कापायचं, ओढायचं आणि ढीग लावायचे.

पहिल्यांदा करवत लावताना हात अडला, हे कबूल करते. मी स्वतः व्हिसावर राहणारी बाई, आणि परदेशी झाड म्हणून याला कापते आहे? पण गुन्हा परदेशी असण्याचा नाही. चीनमधली, युरोपातली कितीतरी झाडं इथं कौतुकानं जपलेली आहेत. ती आपल्या जागी राहतात, बकथॉर्न दुसऱ्याला जागाच ठेवत नाही.

एप्रिल-मे आला की काम बदलतं. तेव्हा गार्लिक मस्टर्ड नावाचं तण उपटायचं. पान चुरगाळलं की लसणाचा वास येतो. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते खाण्यासाठीच आणलेलं. (आमच्या मागच्या अंगणात उगवलेलं मी मेथीसारखं परतून पाहिलं. नवऱ्यानं एक घास खाऊन विचारलं, "हे कापूनच टाकायचं ना?") त्याची मुळं जमिनीतल्या बुरशीला मारक असतात, आणि इथल्या झाडांची मुळं त्याच बुरशीच्या जोरावर पोसतात. उपटलेलं रोप तिथंच टाकलं तर पडल्या पडल्या बी धरतं, म्हणून पोत्यात भरून न्यायचं. गुडघ्यावर बसून ओळीनं पुढं सरकताना मला आमच्या रानातल्या बायका आठवतात. ही सरळ सरळ भांगलण आहे, फक्त खुरपं नाही आणि उखाळ्यापाखाळ्या इंग्रजीत. पहिल्या वर्षी मी मूठभर जांभळी व्हायोलेटही उपटली होती. पानं अगदी सारखी दिसतात. शेजारच्या सत्तरीतल्या बाईंनी काही न बोलता ती परत मातीत खोचली.

आबांना सगळ्यांत जास्त खटकली ती आग. आपल्याकडं वणवा म्हणजे पाप. इथं पानगळ झाली की हवा, वारा पाहून जंगल मुद्दाम जाळतात. मी वाटेवरून पाहिलं आहे. पिवळ्या कपड्यातली माणसं, गुडघ्याखालची ज्वाळा, आणि वाळलेल्या ओकपानांची चुरचुर. बर ओकची साल जाड, बुचासारखी असते, तिला काही होत नाही. पातळ सालीची मेपलची पोरं मात्र जळतात. ती वाढली तर सावली दाट होते आणि ओकचं रोप उन्हाशिवाय उठत नाही. इथले मूळ रहिवासी हीच आग शेकडो वर्षं लावत आले होते. गोऱ्यांनी ती थांबवली आणि ओकच्या पुढच्या पिढीचा हिशोब चुकला.

तीन वर्षांपूर्वी आम्ही साफ केलेल्या उतारावर या एप्रिलात ब्लडरूट फुललं. पांढरं शुभ्र फूल, फार तर दोन दिवस टिकतं. देठ मोडला तर लालभडक रस येतो. त्याच्या बियांना चिकटलेला मेदाळ तुकडा खाण्यासाठी मुंग्या बिया घरी नेतात, आणि पुढची लागवड त्यांची. शेजारी ट्रिलियमची पानं होती, फुलं नव्हती. बीपासून फुलायला त्याला सात-आठ वर्षं लागतात.

आबांना फोटो पाठवला. त्यांनी फुलाबद्दल काहीच विचारलं नाही.

"अगं, आपल्या टेकडीवर तुम्ही पोरांनी ते गिरिपुष्प लावलेलं ना, त्याच्याखाली गवतसुद्धा येत नाही आता. आणि बांधावर घाणेरी किती माजलीय. तुझी ती करवत इकडं मिळते का बघतो."

"करवत मिळेल हो आबा, पण घाणेरी मुळापासून खणा. नाहीतर दुप्पट फुटेल."